माझा पिझ्झा लहान आहे!

वीकेंडला दोन पोरं सांभाळणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं! मागच्या शनिवारी ताई आणि भावोजी एका लग्नाला गेले आणि नऊ वर्षांची ईरा नि पाच वर्षांचा कबीर माझ्या वन बीएचकेत दाखल झाले. मेन्यू अर्थातच पिझ्झा. तयार बेस, वर भरपूर चीज, तव्यावर झाकण... झालं काम! पण धुतलेल्या प्लेट दोनच. एक मोठी, एक क्वार्टर प्लेट. ईरा मोठी, म्हणून तिला मोठी प्लेट.

“माझा लहान आहे,” ईरा म्हणाली.

“एकाच पाकिटातले आहेत गं.”

“तरी माझा लहान आहे!”

आठवडाभर डेडलाइन्सनी पिळून निघालेली मी. तोंडातून निघून गेलं, “खोटं बोलू नकोस ईरा. हावरटपणा आहे हा!”

तिचे डोळे भरून आले. कबीर मात्र पाय हलवत म्हणतो कसा, “सेम-सेम तर आहे!”

भांडण मिटवायला मी पिझ्झ्यांची अदलाबदल केली. आणि बघते तर काय, मोठ्या प्लेटमधला तोही लहानच दिसायला लागला. मलासुद्धा! शेवटी फूटपट्टी काढली. दोन्ही अगदी सारखे.

ईरानं हळूच विचारलं, “म्हणजे मी खोटं नव्हते ना बोलत, मावशी?”

सॉरी म्हणण्याशिवाय माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

रात्री पोरं झोपल्यावर शोधत बसले. १८६५ मध्ये जोसेफ डेलबफ या बेल्जियन अभ्यासकानं ही गंमत मांडली होती. वर्तुळाभोवती खूप मोकळी जागा असली की ते लहान भासतं. बाहेरची कड अगदी जवळ आली की मोठं. डोळे फूटपट्टीसारखे मोजत नाहीत, मेंदू आजूबाजूशी तुलना करतो. (आपलं इन्क्रिमेंट तरी दुसरं काय? शेजारच्या डेस्कचा आकडा कळेपर्यंत मस्त वाटत असतं!)

मग कबीर का नाही फसला? एका कबीरवरून काही सिद्ध होत नाही, पण २०१० मध्ये मार्टिन डोहर्टी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास भन्नाट आहे. त्यात एक वर्तुळ मोठ्या वर्तुळांच्या घोळक्यात होतं, दुसरं छोट्यांच्या. मधल्या दोघांतलं मोठं कुठलं, ते सांगायचं. मोठी माणसं सपशेल फसली. सात वर्षांच्या आतली पोरं त्यांच्यापेक्षा अचूक निघाली! आजूबाजूचा संदर्भ धरून बघणं आपण वाढता वाढता शिकतो. म्हणजे ईरा हावरट नव्हती, मोठी होत होती.

रविवारी सकाळी लॅपटॉपवर एमआयटीच्या एडवर्ड एडल्सन यांचं १९९५ मधलं चित्र उघडलं. बुद्धिबळासारखा पट, त्यावर हिरव्या नळकांड्याची सावली. ‘ए’ चौकोन गडद, ‘बी’ फिकट. प्रत्यक्षात दोघांचा राखाडी रंग एकच! कागदाला दोन भोकं पाडून स्क्रीनवर धरला. भोकांतून रंग सारखे. कागद काढला, पुन्हा वेगळे.

“कळलं तरी दिसत नाही!” ईरा वैतागली.

हेच तर! यात डोळ्यांचा दोष नाही. सावलीत वस्तू गडद होते, हे धरून मेंदू आपोआप हिशेब करतो. म्हणून तर सावलीतही पांढरा शर्ट आपल्याला पांढराच वाटतो. बहुतेक वेळा हा हिशेब बरोबर येतो, कधीतरी असा चुकतो.

२०१५ च्या फेब्रुवारीतला तो ड्रेस आठवतोय? ऑफिसं दोन पार्ट्यांत फुटली होती. काहींना निळा-काळा, काहींना पांढरा-सोनेरी. ड्रेस खरा निळा-काळा होता, पण खोटं कुणीच बोलत नव्हतं!

मुलांना या खेळांतून विज्ञान मिळतंच. पण मला वाटतं, त्याहून मोठी एक गोष्ट मिळते. दिसतं तेच असतं असं नाही, म्हणून मोजून बघायचं. आणि समोरच्याला वेगळं दिसलं, तर लगेच त्याला खोटारडा ठरवायचं नाही. मीटिंगमध्ये हे आपल्याला तरी कुठं जमतं?

घरी करून बघायचं असेल तर पौर्णिमेचा चंद्र फुकट आहे. उगवताना भलामोठा दिसतो ना? हात लांब करून करंगळीच्या टोकानं झाका. रात्री तो डोक्यावर आल्यावर पुन्हा झाका. दोन्ही वेळा तेच बोट पुरतं!

संध्याकाळी ताई आली. चपला काढते न काढते तोच ईरानं दोन प्लेटमध्ये दोन बेस ठेवून विचारलं, “आई, मोठा कुठला?”

“हा काय, छोट्या प्लेटमधला.”

“खोटं! खोटं!” कबीर नाचायला लागला.

“गप रे,” ईरा म्हणाली, “तिला दिसतंय तसं. थांब, फूटपट्टी आणते.”