शब्दांची संगत मोजताना

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. मुलांनी इंग्रजीच्या वहीत ‘बिग रेन’ लिहिलं की त्या खोडून ‘हेवी रेन’ करतात. एकाने विचारलं, ‘मॅडम, आपल्याकडे मोठा पाऊस होतो, मग त्यांच्याकडे जड का?’

याचं उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही, कारण ‘बिग रेन’मध्ये व्याकरण चुकलेलंच नाही. विशेषण आहे, नाम आहे, क्रमही बरोबर आहे. चुकली आहे ती संगत. ‘बिग’, ‘लार्ज’ आणि ‘ग्रेट’ यांचे कोशातले अर्थ जवळपास सारखे. पण ‘लार्ज’च्या मागून येतात नंबर, अमाउंट, स्केल. ‘बिग’बरोबर ब्रदर, मिस्टेक, डील. ‘ग्रेट’बरोबर इम्पॉर्टन्स, डिटेल, केअर. डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांनी 1998 च्या पुस्तकात या तिघांची तुलना केली, तेव्हा शास्त्रीय लेखनात ‘लार्ज’ वरचढ ठरला आणि कथा-कादंबऱ्यांत मागे पडला. मराठीत तरी वेगळं काय आहे? खर्च अवाढव्य होतो, आनंद मात्र प्रचंडच होतो. मैत्री दाट असते, घनदाट असतं ते जंगल. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून आपल्या लक्षातही येत नाही.

लक्षात येतं ते परक्यांना भाषा शिकवणाऱ्यांच्या. हॅरल्ड पामर यांनी शब्दांच्या अशा जोड्यांवरचा अहवाल 1933 मध्ये काढला तो टोकियोत, जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी कसं शिकवावं याच्या अभ्यासातून. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, हा विचार रुजवणारे जे. आर. फर्थ लंडनला जाण्यापूर्वी, 1919 ते 1928 या काळात, लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. लाहोरच्या वर्गातच त्यांना हे सुचलं असा पुरावा माझ्यापाशी नाही, पण तसं मानायला मला आवडतं!

संगत मोजायची कशी? आठवडे बाजारात उभं राहा. चहावाल्याजवळ प्रत्येक जण दिसेल, म्हणून सगळे त्याचे जिवलग ठरत नाहीत. त्याच्याकडे गर्दी असते, एवढंच. पण दोन माणसं एरवी फारशी दिसत नाहीत आणि दिसली की एकत्रच दिसतात, तर त्यांचं काहीतरी नातं आहे. म्हणजे नुसत्या भेटी मोजून भागत नाही. निव्वळ योगायोगाने किती भेटी झाल्या असत्या, तेही काढावं लागतं.

समजा, दहा लाख शब्दांच्या मजकुरात ‘लार्ज’ 400 वेळा आणि ‘नंबर’ 500 वेळा आला. शब्द कसेही विखुरले असते, तर ही जोडी 400 गुणिले 500 भागिले दहा लाख, म्हणजे 0.2 वेळा दिसली असती. एकदासुद्धा नाही. प्रत्यक्षात ती 50 वेळा दिसली, तर योगायोगाच्या 250 पट झाली. केनेथ चर्च आणि पॅट्रिक हँक्स यांनी 1990 च्या सुमारास हेच माप कोशकारांच्या हाती दिलं. त्यात एक गंमतशीर खोट आहे. अख्ख्या मजकुरात एकेकदाच आलेले दोन शब्द शेजारी पडले, तर त्यांची पट थेट दहा लाख भरते! बाजारात एकदाच आलेले दोन अनोळखी पाहुणे शेजारी उभे दिसले आणि आपण त्यांना सख्खे भाऊ ठरवलं, तशातला हा प्रकार. म्हणून मोजणीला भरपूर मजकूर लागतो, आणि तो नीट निवडलेला लागतो.

इथे कोल्हापूर येतं. शिवाजी विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात प्रा. एस. व्ही. शास्त्री आणि सहकाऱ्यांनी भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह केला. 1978 मध्ये छापलेल्या मजकुरातले प्रत्येकी सुमारे 2,000 शब्दांचे 500 उतारे घेतले. 1986 मध्ये तो ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणून अभ्यासकांना खुला झाला. आराखडा अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संग्रहाचा: बातम्या, अग्रलेख, धर्म, छंद, विज्ञान, विनोद असे 15 प्रकार, प्रत्येकाचा वाटा ठरलेला. पण नक्कल आंधळी नव्हती. तिकडच्या ‘वेस्टर्न’ गोष्टी इथे कुठून आणायच्या? तेव्हा साहसकथांचा वाटा घटवला आणि सर्वसाधारण कथा-कादंबऱ्यांचा वाढवला. एक उणीव राहिली. अमेरिकी आणि ब्रिटिश संग्रह 1961 च्या मजकुराचे होते. त्यामुळे एखादा फरक देशाचा की मधल्या 17 वर्षांचा, हे सांगणं अवघड जातं. तरी भारतीय इंग्रजीचा संगणकावरचा हा पहिलाच संग्रह. भाषा आणि संगणक यांच्यावर आपल्याकडे रोज एवढं लिहून येतं, त्यात कोल्हापूरचं नाव किती वेळा येतं?

मराठीचेही संग्रह आता आहेत. पुण्याच्या ‘एल थ्री क्यूब’ गटाने 2022 मध्ये दिलेल्या ‘महाकॉर्पस’मध्ये सुमारे 2 कोटी 48 लाख वाक्यं आहेत. काम मोलाचं आहे, त्याशिवाय मराठी यंत्राला शिकवायची कशी? पण त्यातला बराचसा मजकूर बातम्यांचा, आणि आम्हा वृत्तपत्रवाल्यांचा ‘मोठा’ कसा असतो ते तुम्ही जाणताच. मोठा दिलासा, मोठा धक्का, मोठी बातमी. घराघरांतली मोठी आई, मोठ्या मनाचा शेजारी, लहान तोंडी घेतलेला मोठा घास यांना त्या गर्दीत जागा कितीशी मिळणार? हल्ली ‘बिग डेटा’ म्हटलं की माना डोलतात. पण एकाच विहिरीचं पाणी कितीही उपसलं, तरी तालुक्यातल्या पाण्याची चव कळत नाही.

मराठीचा खरा नमुना हवा असेल तर त्यात ग्रामसभेचं इतिवृत्त हवं, जात्यावरच्या ओव्या हव्यात, कांद्याच्या लिलावातली बोली हवी, शाळकरी पोरांचे निबंधही हवेत. आकड्याचं दडपण नको, दहा लाख शब्दांनीही सुरुवात होईल. मात्र ते कुठून आणि किती वाट्याने घ्यायचे, याची यादी आधी करावी लागेल. शास्त्रींच्या कामाची सुरुवात अशाच यादीने झाली होती.