गिटच्या पोटात नेमकं काय साठतं?

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं तर ओहोटी गाठावी लागते. किनाऱ्यावरची जुनी माणसं त्यासाठी आधी भरतीची वेळ काढतात, आणि त्याकरता तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास. समजा, हा हिशेब करणारा छोटा प्रोग्राम कुणी लिहिला, सोबत सूचनांची एक मराठी फाइल ठेवली आणि दोन्ही गिटमध्ये टाकल्या.

आता पहिला गैरसमज: गिट फक्त फरक साठवतं. तसं नाही. लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये गिट लिहिलं तेव्हापासून प्रत्येक कमिट त्या क्षणीच्या संपूर्ण स्थितीकडे बोट दाखवतं. फाइलीतला मजकूर ‘ब्लॉब’मध्ये असतो. फाइलीचं नाव त्यात नसतं, ते ‘ट्री’मध्ये असतं. म्हणून नुसतं नाव बदललं तर नवा ब्लॉब तयारच होत नाही. हिशेब बदलला आणि सूचना तशाच राहिल्या, तर नवी ट्री सूचनांच्या जुन्याच ब्लॉबचा पत्ता लिहून घेते. फरकाच्या रूपात साठवण होते ती नंतर, पॅकफाइल बनताना, आणि तीही फक्त डिस्कवरची जागा वाचवण्यासाठी. वाचणाऱ्याला ऑब्जेक्ट, म्हणजे ब्लॉब, ट्री किंवा कमिट, पूर्णच मिळतं.

दुसरा गैरसमज आपल्या लिपीला फार जवळचा आहे: दिसायला सारखा मजकूर म्हणजे एकच ऑब्जेक्ट. गिटला अक्षरं कळत नाहीत, बाइट कळतात. ‘भरती’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा म्हणतो. यूटीएफ-8 मध्ये तो 12 बाइटांचा आहे. गिट आधी ऑब्जेक्टचा प्रकार, मग ही लांबी, मग एक शून्य बाइट आणि त्यापुढे मजकूर असं सगळं जोडून त्याचा एसएचए-1 हॅश काढतं. ऑब्जेक्टचा पत्ता तोच. लांबी अक्षरांत मोजणारा कोड इथेच फसतो. त्याहून अवघड गोष्ट ‘किनाऱ्यावर’मधल्या ‘ऱ्य’ची. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो: एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र वर्णचिन्ह असतं, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, पण हॅश पूर्ण वेगळा येतो. मराठी मजकुरावर एकत्र काम करणाऱ्यांनी कीबोर्डची पद्धत आधीच ठरवून घ्यावी, हा माझा आग्रह आहे.

प्रोग्राममधून गिट वापरू देणारी लिबगिट2 सारखी लायब्ररी पडद्यामागे गिटची कमांड चालवते, असंही अनेकांना वाटतं. ती सी भाषेत स्वतंत्रपणे लिहिलेली आहे. सुट्या फाइली आणि पॅकफाइली ती स्वतः वाचते. तिच्यात ऑब्जेक्ट ‘फ्री’ करणं म्हणजे मेमरीतला आपला हक्क सोडणं. डिस्कवरच्या ऑब्जेक्टला त्याने धक्काही लागत नाही. उलट फ्री करायला विसरलात तर प्रोग्राम मेमरी अडवून बसतो.

ऑब्जेक्ट बदलता येत नाही, हेही लक्षात घ्या. कमिट ‘सुधारलं’ की नवं कमिट तयार होतं आणि जुनं मागे राहतं. रेफलॉगमधल्या, म्हणजे शाखा कुठून कुठे सरकली त्या वहीतल्या, अशा निराधार नोंदी सहसा 30 दिवस टिकतात. त्यानंतरही सफाईत जाण्यासाठी ऑब्जेक्ट दोन आठवड्यांहून जुनं असावं लागतं.

हॅशला कुलूप समजणं मात्र धोक्याचं. ऑब्जेक्ट झेडलिबने दाबलेलं असतं, गुप्त केलेलं नसतं. रेपो हाती असलेला कुणीही ते उघडून वाचू शकतो. म्हणून पासवर्ड चुकून कमिट होऊन सर्व्हरवर गेला असेल, तर पुढच्या कमिटमध्ये तो पुसून निर्धास्त होऊ नका. जुना ब्लॉब तिथेच आहे, आणि ज्यांनी रेपो उतरवून घेतला त्यांच्याकडेही आहे. आधी पासवर्ड बदला, इतिहासाची सफाई नंतर करा.