पायलीचा उतारा, मणाचा उतारा

एक पायली भात कांडले की तांदूळ साधारण अर्धी पायली निघतो. तेच भात काट्यावर घातले, तर मणामागे जवळजवळ दोन तृतीयांश मण तांदूळ हाती येतो. तूस हलके पण फुगीर. ते निघाले की जागा पुष्कळ मोकळी होते, वजन तितके घटत नाही. कर्जत-खालापूर भागातल्या कुंभिवलीसारख्या भातगावांचा एकोणिसाव्या शतकातला हिशेब समजून घ्यायचा, तर सुरुवात इथून करावी लागते. कांडणाच्या वहीत पैशाइतकीच मोलाची नोंद उताऱ्याची, आणि तो मापाचा की वजनाचा हे न सांगणारी वही अर्धीच राहते.

त्या काळी बहुतेक कांडण उखळ-मुसळावर होई. व्यवहार चार शेरांच्या पायलीने, वीस मणांच्या खंडीने चाले. पण 1856 मध्ये रेल्वेचा पळसदरी-खोपोली फाटा सुरू झाला आणि तिचे भाडे वजनावर ठरत असे. मग एकाच तांदळाला दोन भाषा आल्या. मापात अर्धे, म्हणून वजनातही अर्धेच परत करायचे ठरले, तर मणामागे सहावा हिस्सा शेतकऱ्याच्या पदरातून जाई. चोरी कुठे दिसत नाही. ती एककाच्या अदलाबदलीत लपते. तांदूळ, कणी, कोंडा आणि तूस वेगवेगळे तोलून लिहिले, तर थोडी घट धरून बेरीज मूळ भाताशी जुळते. मापाने ती पडताळणी होतच नाही.

यावर कोणी म्हणेल, भाताची जात, ओल आणि कांडणाऱ्याचा हात यांनी उतारा बदलतो, तेव्हा ठरीव प्रमाण कशाला? बदलतो, म्हणूनच प्रत्येक खेपेची नोंद हवी. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: वही हे सावकाराचे हत्यार होते. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-रोख्यांवरच राग काढला, तो उगाच नाही. रोजकीर्द आणि खतावणी सावकाराच्या घरात, मोडी लिपीत. ज्याच्या नावावर आकडे चढत, त्याच्या हाती कागदाचा कपटाही नसे. पण दोष लिहिण्यात नव्हता, एकाच्याच हाती लेखणी असण्यात होता. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत उपाय केला तोही वही मोडण्याचा नाही: कर्जदाराला पावती द्यायची, आणि त्याने मागितले तर वर्षाचे खाते लेखी उतरवून द्यायचे.