विश्लेषण : औषध मागे पडले, निरीक्षण आजही कामाचे, काळा आजार रोखणारे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी कोण होते?

ऑक्टोबर २०२३ मध्ये बांगलादेश हा सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून काळा आजाराचे उच्चाटन करणारा जगातील पहिला देश ठरला. भारतही त्या टप्प्याच्या जवळ आहे. मात्र शेवटच्या टप्प्यात जी अडचण येते आहे, ती कोलकात्यातील एका डॉक्टरने १९२२ मध्येच नोंदवली होती.

काळा आजार म्हणजे काय?

लेशमॅनिया डोनोव्हानी नावाच्या परजीवीमुळे हा आजार होतो. तो वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो. (चांदीपुरा विषाणूमुळे ही माशी आपल्याकडेही परिचित आहे.) दीर्घकाळ ताप, वाढलेली प्लीहा, रक्तक्षय आणि काळवंडलेली त्वचा ही लक्षणे. उपचार न झाल्यास बहुतेक रुग्ण दगावतात. एकेकाळी आसाम आणि बंगालमध्ये या आजाराने गावेच्या गावे ओस पडत.

ब्रह्मचारींनी काय केले?

१८७३ मध्ये बिहारमधील जमालपूर येथे जन्मलेल्या ब्रह्मचारींचे वडील रेल्वेत डॉक्टर होते. उपेंद्रनाथ यांनी आधी गणित आणि रसायनशास्त्र घेतले, रसायनशास्त्रात एमए केले, मग वैद्यकशास्त्राकडे वळले. १९०५ पासून ते सियालदह येथील कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये शिकवत आणि रुग्णही तपासत. आज तेथे नीलरतन सरकार मेडिकल कॉलेज आहे.

तेव्हा टार्टार इमेटिक हे अँटिमनीचे औषध महिनोन्महिने टोचावे लागे. ते विषारी होते, अनेकांना सोसत नसे. अँटिमनीचे कमी घातक संयुग तयार करता येईल का, हा ब्रह्मचारींपुढचा प्रश्न होता. त्यांच्या वाट्याला आलेल्या छोट्याशा खोलीत ना गॅसची जोडणी होती, ना पाण्याचा नळ. रात्री धुरकट कंदिलाच्या उजेडात काम चाले. १९२० मध्ये तेथेच ‘युरिया स्टिबामाइन’ तयार झाले. उपचारांचा कालावधी महिन्यांवरून काही आठवड्यांवर आला.

मग नोबेल का नाही?

१९२९ मध्ये त्यांचे नामांकन झाले होते. त्या वर्षीचा वैद्यकाचा पुरस्कार जीवनसत्त्वांवरील संशोधनासाठी आइकमन आणि हॉपकिन्स यांना मिळाला. ब्रह्मचारींवरील बहुतेक लेख इथेच घुटमळतात. खरे तर त्यांचे दुसरे काम जास्त वाचायला हवे.

ते दुसरे काम कोणते?

बरे होऊन घरी गेलेले काही रुग्ण कालांतराने अंगावर चट्टे आणि गाठी घेऊन परत येत. ताप नाही, अशक्तपणा नाही. दुसरा त्वचाविकार समजून सोडून देणे सोपे होते. ब्रह्मचारींनी त्या त्वचेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यात तोच परजीवी सापडला. आज डॉक्टर याला ‘पीकेडीएल’ म्हणतात.

रुग्ण ठणठणीत असला तरी त्याला चावलेली वाळूमाशी परजीवी पुढे नेऊ शकते. म्हणजे गावात तापाचा एकही रुग्ण नसताना साथ पुन्हा डोके वर काढू शकते.

आज परिस्थिती काय?

बिहारमध्ये परजीवी अँटिमनीला जुमानेनासा झाल्यावर ती औषधे मागे पडली. आता लायपोसोमल अँफोटेरिसिन-बीचा एकच डोस शिरेतून दिला जातो. तालुका पातळीवर, म्हणजे ब्लॉकमध्ये, दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकापेक्षा कमी रुग्ण हे भारताचे लक्ष्य आहे. ते गाठून तीन वर्षे टिकवावे लागते.

पीकेडीएलसाठी मात्र सुमारे १२ आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात. दुखत-खुपत काहीच नसताना मजुरी बुडवून दवाखान्यात कोण जाईल? अनेकांना चट्टे म्हणजे कुष्ठरोग वाटतो, त्यामुळे ते लपवलेही जातात. म्हणूनच बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालमध्ये आशा सेविका घरोघरी तापाबरोबर चट्ट्यांचीही चौकशी करतात. पूर्वी कधी काळा आजार झाला होता का, हेही त्या विचारतात.