आफ्रिकन ग्रे आणि आपला राघू

परदेशी पोपट पाळणाऱ्या मित्रांना मी हल्ली आधी विचारते, नोंदणी केलीत का? वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइट्स’ करारात भारत १९७६ पासून आहे. पण आफ्रिकन ग्रे पोपट आपल्या १९७२ च्या कायद्याच्या यादीत नव्हताच. विमानतळावर कस्टमने धरला तर धरला. एकदा घरात आला की विचारणारं कुणी नाही! २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या यादीतले प्राणी चौथ्या अनुसूचीत घेतले आणि ही पळवाट बंद झाली. आता ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद हवी. पिल्लं झाली, पक्षी दगावला, तरी कळवायचं. आजीच्या काळापासून पिंजऱ्यात दिसणारा आपला देशी राघू मात्र दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याला नोंदणी नाहीच, पाळणंच गुन्हा. दुकानदार हे सांगेलच असं नाही.