आधारचा कॉलम काढताना

टेंभली हे नाव नंदुरबारकरांना सांगावं लागत नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातला पहिला आधार क्रमांक याच गावात दिला गेला. पुढे शाळेपासून सिमकार्डाच्या दुकानापर्यंत जिथे तिथे बारा आकड्यांचा एक कॉलम डेटाबेसमध्ये शिरला. नोव्हेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम अधिसूचित झाले, आणि काम संपल्यावर माहिती पुसण्याचं बंधन दीड वर्षाच्या मुदतीनं लागू होणार आहे. खरं तर आधार क्रमांक वेगळ्या, बंदिस्त व्हॉल्टमध्ये ठेवा आणि इतरत्र फक्त संदर्भ क्रमांक वापरा, असं परिपत्रक आधार प्राधिकरणानं जुलै २०१७ मध्येच काढलं होतं. इतकी वर्षं चालढकल करायला नको होती.

कॉलम काढण्याची आज्ञा एका ओळीची असते, पण अडचणी तिच्यानंतर सुरू होतात. एसक्यूएल सर्व्हरवर बहुतेकांना भेटते ती एरर ५०७४, आणि तिच्या पाठोपाठ ४९२२: या कॉलमवर दुसरं काहीतरी अवलंबून आहे. ते बरेचदा डीफॉल्ट मूल्याचं बंधन असतं. टेबल करताना त्याला नाव दिलं नसेल, तर सर्व्हर स्वतःच 'डीएफ'नं सुरू होणारं, शेवटी अगम्य अक्षरांचं नाव देतो. हे नाव प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळं. म्हणून चाचणीच्या मशीनवर बिनबोभाट चाललेली स्क्रिप्ट लाइव्ह सर्व्हरवर आपटते. आधी सिस्टिमच्या यादीतून ते नाव शोधायचं, बंधन काढायचं, मग कॉलम. मायएसक्यूएलमध्ये एरर १८२८ आली, तर आधार क्रमांकानंच दोन टेबलं जोडली आहेत असं समजावं. तिथे आधी संदर्भ क्रमांकाचा नवा कॉलम भरून जोडणी त्यावर आणावी लागते.

पोस्टग्रेस अशा वेळी 'कॅस्केड' वापरा असं सुचवतो. हा सल्ला डोळे झाकून घेऊ नका. त्या एका शब्दानं कॉलमवर उभे असलेले व्ह्यूही उडतात आणि सोमवारी सकाळी अहवाल उघडत नाहीत. उलट पीएल/पीजीएसक्यूएल फंक्शनच्या आत कॉलमचं नाव असेल, तर काढताना तो अवाक्षर काढत नाही. फंक्शन चालवल्यावरच ते मोडतं. म्हणून एरर आली की चिडू नये. न आलेली एरर जास्त महागात पडते.

आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर गोष्ट वेगळीच आहे. पोस्टग्रेसमध्ये कॉलम 'ड्रॉप' झाला तरी आकडे लगेच पुसले जात नाहीत. कॉलम फक्त नजरेआड होतो. जुन्या ओळींतले आकडे डिस्कवर तसेच राहतात. 'व्हॅक्यूम फुल'सारख्या आज्ञेनं टेबल नव्यानं लिहिलं गेलं की ते जागेवरून हटतात. ओरॅकलची 'सेट अनयूज्ड' ही सोयही अशीच. मायएसक्यूएल ८.०.२९ पासून जमेल तिथे कॉलम तत्काळ काढतं, ते टेबल पुन्हा न लिहिताच. बॅकअप, एक्सेलच्या प्रती आणि कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरची फाइल यांना तर ही आज्ञा पोचतच नाही.

पतसंस्थांच्या, शाळांच्या संचालकांनी सॉफ्टवेअरवाल्याकडून 'कॉलम काढला' एवढ्यावर समाधान मानू नये. टेबल पुन्हा लिहिलं का, आणि जुने बॅकअप कधी नष्ट करणार, या दोन प्रश्नांची उत्तरं लेखी मागावीत.