किरणांची भीती आणि धुराचा विसर

डेटा सेंटर म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे ऐरोली, महापे, फार तर चांदिवली येते. गिरगाव ते दादर या पट्ट्याचा त्याच्याशी काय संबंध, असा पहिला गैरसमज असतो. प्रत्यक्षात प्रभादेवीच्या काशिनाथ धुरू मार्गावर, राहत्या वस्तीच्या मधोमध, लोकमान्य विदेश संचार भवन उभं आहे. विदेश संचार निगमची ही वास्तू २००२ च्या खाजगीकरणानंतर टाटांकडे गेली आणि तिथे सर्व्हर चालतात. गिरण्यांच्या जमिनीवर उठलेल्या टॉवरांच्या गर्दीत असे मजले आणखी वाढले तर नवल नाही. तेव्हा शेजारी सर्व्हर आले तर आरोग्याचं काय, हा लालबाग-परळच्या माणसाचा प्रश्न रास्तच आहे. फक्त त्याचं उत्तर आपण बहुधा चुकीच्या जागी शोधतो.

सगळ्यात मोठी भीती किरणोत्सर्गाची. ती निराधार आहे. सर्व्हर हा संगणकच. तो किरणोत्सर्गी नसतो आणि मोबाइल टॉवरसारखा लहरी फेकत नाही. माहिती आत-बाहेर जाते ती ऑप्टिकल फायबरमधून, प्रकाशाच्या रूपात. उरतं ते ट्रान्सफॉर्मर आणि जाड केबलींभोवतीचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये अशा क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं, हे खरं. पण पुरावा मर्यादित असताना वापरायचा हा गट आहे, आणि हे क्षेत्र अंतरागणिक झपाट्याने ओसरतं. विजेच्या कोणत्याही उपकेंद्राजवळ ते असतंच. या भीतीचं खरं नुकसान वेगळं आहे: रहिवाशांचा अर्ज ‘किरणां’वर बेतलेला असला की तो शास्त्राच्या आधारे सहज फेटाळला जातो आणि त्याच्याबरोबर खऱ्या तक्रारीही बाद होतात.

खरी तक्रार डिझेलची आहे. वीज गेली तरी सर्व्हर क्षणभरही थांबता कामा नयेत, म्हणून अशा प्रत्येक इमारतीत मोठमोठे जनरेटर असतात. डिझेलच्या धुराबाबत मात्र संदिग्धता नाही; त्याच संस्थेने २०१२ मध्ये तो कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकला. यावर उत्तर येतं की मुंबईत वीज जातेच कुठे? जाते क्वचित, हे मान्य. पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी अख्ख्या शहराची वीज गेली, तेव्हा ज्यांच्याकडे जनरेटर होते त्या सगळ्यांवर ते एकाच वेळी सुरू करण्याची पाळी आली. शिवाय वीज न जाताही हे जनरेटर ठरावीक काळाने चालवून तपासावे लागतात. २०२३ पासून लागू झालेले धुराचे कडक निकष ८०० किलोवॉटपर्यंतच्या जनरेटरांसाठी आहेत. डेटा सेंटरांतली अनेक यंत्रं त्याहून मोठी असतात.

आवाजाचंही तसंच. ‘लालबागला आवाजाची सवय आहे’ हे वाक्य मला मान्य नाही. उत्सवाचे ढोल दहा दिवसांत शांत होतात. चिलर आणि पंख्यांची घरघर वर्षाच्या ३६५ रात्री चालते. २००० च्या ध्वनिनियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शांतता क्षेत्र जाहीर झालेल्या रुग्णालयाभोवती ती ५० आणि ४० वर येते, आणि परळमध्ये केईएम, टाटा मेमोरियल, वाडिया अशी रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत. त्यातही अशी यंत्रं खालच्या पट्टीत घुमतात, आणि प्रचलित मोजणीत त्या पट्टीला कमी वजन मिळतं. म्हणून मीटर मर्यादेत दाखवतो तरी माणसाची झोप मोडते.

पाण्याबद्दल ‘डेटा सेंटर आमचं पाणी पिऊन टाकेल’ असं सरसकट म्हणता येत नाही. बाष्पीभवनावर चालणारी शीतयंत्रणा एक मेगावॉटमागे रोज साधारण ४० हजार लिटर पाणी खाऊ शकते. हवेने गार होणाऱ्या चिलरला पाणी फारसं लागत नाही, पण वीज जास्त लागते. आणि उष्णता दोन्हीकडे बाहेरच टाकली जाते. एक मेगावॉटचे सर्व्हर आणि त्यांना गार ठेवणारी यंत्रं मिळून जितकी उष्णता सोडतात, तितकी सोडायला दीड टनाचे सुमारे दोनशे एसी लागतील, तेही चोवीस तास चालणारे. मोकळ्या भूखंडावर ती विरते. चाळींच्या अरुंद गल्लीत ती कुठे जाणार, हे बांधकामाच्या आराखड्यातच ठरवायला हवं.

मात्र सगळ्यात खोल गैरसमज असा की सर्व्हर शेजारी नसले की आपण सुटलो. कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंत वीज पुरवते बेस्ट, आणि तिची बरीचशी वीज वर्षानुवर्षं टाटा पॉवरकडून येत आली आहे. १९१५ मध्ये खोपोलीची जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोचली, तेव्हा गिरणगावच्या धुराड्यांना कोळशाशिवाय पर्याय मिळाला. शंभर वर्षांनंतर आपण उलट दिशेला चाललो आहोत. टाटा पॉवरच्याच ट्रॉम्बे वीजकेंद्रातले कोळशावरचे संच बंद होण्याच्या वाटेवर असताना २०२३ च्या अखेरीस त्यांचं आयुष्य किमान पाच वर्षांनी वाढवण्यात आलं. या केंद्राला लागून माहुल आहे. तिथली हवा रिफायनऱ्या आणि रसायनांच्या टाक्यांमुळे आधीच इतकी बिघडलेली की २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांचा भुर्दंड ठोठावला. वाढत्या मागणीत एसी आहेत, मेट्रो आहे, टॉवर आहेत. सगळं खापर डेटा सेंटरवर फोडणं अन्यायाचं होईल. पण रात्रंदिवस एकसारखी वीज मागणारा आणि वेगाने वाढणारा हा नवा ग्राहक आहे, हे नाकारता येणार नाही.

‘आम्ही अक्षय ऊर्जा विकत घेतो’ असं कंपन्या सांगतात. बहुतेक वेळा तो वर्षभराचा हिशेब असतो: राजस्थानात दुपारी तयार झालेली सौरऊर्जा कागदावर मुंबईतल्या मध्यरात्रीच्या वापरापुढे मांडली जाते. मध्यरात्री शहराच्या तारांत येणारी वीज सौर नसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यूपीआय, रेल्वेचं तिकीट, रुग्णालयांच्या नोंदी याच सर्व्हरांवर चालतात, मग विरोध कशाला? विरोध नकोच. गिरण्याही शहराला हव्याच होत्या. तरी त्यांच्या धुरासाठी मुंबईने १९१२ मध्ये कायदा केला होता. आज २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत डेटा सेंटरचा स्वतंत्र उल्लेखच नाही. २० हजार चौरस मीटरहून मोठं बांधकाम असेल तर इमारत म्हणून तपासणी होते. जुन्या व्यापारी इमारतीच्या दोन मजल्यांवर सर्व्हर बसवले तर तीही नाही. किती मेगावॉट भार, किती जनरेटर, ते कोणत्या वेळी तपासणार, रात्रीचा आवाज किती, रात्रीची वीज कुठून, हे सांगणारा कागद महापालिकेच्या जी दक्षिण किंवा एफ दक्षिण विभाग कार्यालयात कोणालाही पाहता यायला हवा. आणि रात्रीच्या विजेचा रकाना माहुलच्या रहिवाशांनाही वाचता आला पाहिजे.